तेरा प्रश्न आणि पहिले उत्तर

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा मी माझ्या अडतीस वर्षांच्या अध्यापनकाळातील आठवणी सांगाव्यात अशी त्यांची अपेक्षा होती. ती अपेक्षा मी आज पुरी करणार नाही, याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. मी जुन्या अकरावीची, म्हणजे मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालेला आणि पुढे अध्यापनाचे शिक्षण घेतलेला एक साधा प्राथमिक शिक्षक. विज्ञानाची पदवी माझ्यापाशी नाही. असे असूनही मी आज ज्या विषयावर बोलणार आहे तो आहे : कवटीला छेद न देता मेंदूला बाहेरून चालना देण्याचे प्रयोग, आणि ते प्रयोग चालविणारी संगणकाची साधने. मास्तरांना म्हातारपणी हे काय सुचले, असे आपणांपैकी कित्येकांच्या मनात आले असेल. ते कसे सुचले हे सांगणे हाच माझ्या भाषणाचा गाभा आहे.

माझ्या धाकट्या बंधूची कन्या संगणकशास्त्र शिकून पुण्याच्या बाजूस एका संशोधनसंस्थेत नोकरीस आहे. दोन वर्षांपूर्वी तिने मला काही कागद पाठविले आणि लिहिले, “काका, आमच्या प्रयोगात भाग घ्यायला मराठी माणसे येतात. त्यांना विचारायचे हे तेरा प्रश्न इंग्रजीत आहेत. खेड्यातल्या आजींनाही कळतील अशा मराठीत तुम्ही ते उतरवून द्या.” निवृत्त शिक्षकाला असे काम मिळाले म्हणजे त्याचा आनंद काय वर्णावा! मी त्याच दिवशी दौत-लेखणी घेऊन बसलो. परंतु पहिल्याच प्रश्नापाशी माझी लेखणी थांबली. ती का थांबली हे पुढे सांगेन. आधी प्रयोग काय आहे ते सांगतो, म्हणजे प्रश्नाचे महत्त्व ध्यानी येईल.

इंग्लंडातील थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले म्हणजे जवळच्या तारेत वीज उत्पन्न होते. शाळेत हा प्रयोग आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा पाठ केला आहे. मेंदूचे कामही सूक्ष्म विजेच्या संकेतांवरच चालते. तेव्हा डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून त्यातून क्षणभर जोराचा प्रवाह सोडला, तर कवटीच्या आत मेंदूच्या पृष्ठभागात वीज का उत्पन्न होऊ नये? हा विचार शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रत्यक्षात उतरविला. हाताच्या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागावर त्यांनी वेटोळे धरले, आणि माणसाने मनात न आणताही त्याचा हात हलला. त्यापूर्वी १९८० साली लंडनमध्ये कातडीवरून थेट वीज सोडून असे करून दाखविण्यात आले होते. पण ते फार वेदनादायक होते. चुंबकाच्या पद्धतीत ती वेदना बव्हंशी टळली.

याची दुसरी एक बहीण आहे. तिच्यात डोक्यावर दोन ओले पट्टे बांधून एक ते दोन मिलिअँपिअर इतका अत्यल्प प्रवाह दहा-वीस मिनिटे सोडतात. जर्मनीतील गटिंगेन येथे निट्शे आणि पाउलुस या संशोधकांनी २००० साली दाखविले की अशा प्रवाहाने मेंदूच्या त्या भागाची उत्तेजनशीलता काही काळ वाढविता वा घटविता येते. या दोन्ही पद्धतींवर आज जगभर संशोधन चालू आहे. आपल्या देशातही ते होते; बंगळुरूची निम्हान्स ही संस्था त्यांत अग्रेसर आहे. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यावर चुंबकीय ठोक्यांचा उपचार करण्यास अमेरिकेत २००८ साली सरकारी मान्यता मिळाली, आणि आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही तो उपलब्ध आहे.

यात संगणकाचे काम काय, असे आपण विचाराल. मीही हेच विचारले होते. पुतणीने मला प्रयोगशाळा दाखवायला नेले, तेव्हा तिने माझ्याच धंद्यातला दाखला दिला. ती म्हणाली, “काका, तुमच्या शाळेत इमारत होती, शिक्षक होते, मुले होती. पण वेळापत्रक, घंटा आणि हजेरीपट नसता तर शाळा चालली असती का? यंत्र म्हणजे आमची इमारत. मी लिहिते ते वेळापत्रक, घंटा आणि हजेरीपट.”

प्रथम घंटेचे पाहू. ठोके देण्याची एक रीत २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एका सेकंदाला पन्नास या वेगाने तीन ठोक्यांचा एक झुबका देतात; असे झुबके सेकंदाला पाच; ते दोन सेकंद चालवून आठ सेकंद विश्रांती; आणि अशा वीस फेऱ्या. विद्यार्थिमित्रहो, तोंडी हिशेब करा. तीन गुणिले पाच गुणिले दोन म्हणजे तीस; तीस गुणिले वीस म्हणजे सहाशे. सहाशे ठोके, आणि वेळ तीन मिनिटांहून किंचित अधिक. कोणत्या माणसाच्या बोटाला हे साधेल? जुन्या रीतीने याच कामाला साडेसदतीस मिनिटे लागत. कॅनडातील संशोधकांनी २०१८ साली नैराश्याच्या रुग्णांवर दोन्ही रीतींची तुलना प्रसिद्ध केली, आणि तीन मिनिटांची रीत जुनीहून उणी ठरली नाही. म्हणजे त्याच यंत्रावर एका दिवसात कितीतरी अधिक रुग्णांना उपचार मिळू शकतो. यंत्राला बाहेरून अशा आज्ञा देण्यासाठी ‘मॅग्पाय’सारखी साधने आहेत, ती पायथॉन नावाच्या संगणकभाषेत लिहिलेली आहेत. प्रयोगात माणसाला चित्र दाखवायचे आणि चित्र दिसल्यावर नेमक्या क्षणी ठोका द्यायचा, तर त्यासाठी इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे जोनाथन पीअर्स यांनी आरंभिलेले ‘सायकोपाय’ वापरतात.

दुसरी बाब मात्रेची. एकाच हाताची छडी सर्व मुलांना सारखीच लागत नाही, हे आमच्या पिढीच्या मास्तरांना फार उशिरा कळले. चुंबकाचेही तसेच आहे. कुणाची कवटी जाड, कुणाची पातळ. म्हणून आधी प्रत्येकाचा उंबरठा शोधावा लागतो. अंगठ्याजवळच्या स्नायूवर विजेची नोंद घेणारी पट्टी चिकटवितात आणि ठोक्याचा जोर थोडाथोडा कमी-अधिक करतात. दहांपैकी निदान पाच वेळा स्नायूतून पन्नास मायक्रोव्होल्टची लहर उमटली, तर तो त्या माणसाचा उंबरठा. पुढचा जोर त्याच्या प्रमाणात ठरतो. हे शोधकार्य आणि त्याची नोंद एकत्र बांधून देणारी एक साधनपेटी जर्मनीतील माइन्त्स येथील संशोधकांच्या पुढाकाराने तयार झाली आहे. तिला ‘बेस्ट टूलबॉक्स’ म्हणतात. त्याच देशातील ट्युबिंगेन येथील संशोधकांनी मेंदूतील विजेच्या लहरी वाचीत वाचीत, लाट खाली असताना ठोका द्यावा की वर असताना, याचेही प्रयोग केले आहेत. लाटेचा तो क्षण सेकंदाच्या काही सहस्रांशांचा असतो. तो माणसाच्या हाताला सापडणारा नव्हे.

तिसरी बाब जागेची. मेंदूचे स्कॅन घेऊन कातडी, हाड, मेंदूभोवतीचे पाणी, करडा भाग, पांढरा भाग असे निरनिराळे थर संगणकावर उभे करायचे. त्यांचे लक्षावधी चिमुकले तुकडे कल्पायचे. आणि वेटोळे येथे धरले तर वीज कोणत्या तुकड्यात किती पोचेल याचे गणित करायचे. हे गणित ‘सिमनिब्स’ नावाचे साधन करते. ते कोपनहेगन येथील संशोधकांच्या पुढाकाराने वाढले आहे. आणि बंधुभगिनींनो, आनंदाची गोष्ट अशी की ते विनामूल्य आहे, आणि त्याचा आतला मजकूरही कुणालाही वाचता येतो. गणिताच्या पेपरात आम्ही नुसत्या उत्तराला गुण देत नसू. रीत दाखवा, असे लिहीत असू. ज्या साधनाचा मजकूर उघडा आहे, ते रीत दाखवून सोडविलेले गणित होय. चूक असली तर जगातला कोणीही परीक्षक बोट ठेवू शकतो.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभा आहे तिच्याकडे येतो. माझा धाकटा बंधू, म्हणजे या मुलीचे वडील, नोकरीतून निवृत्त झाल्यावर हळूहळू खचत गेला. जेवणावरची वासना गेली, झोप गेली, लोकांत येणे सुटले. औषधे चालू होती, पण गुण येईना. प्रयोगशाळा पाहून आल्यावर मी पुतणीला म्हणालो, “अगं, एवढे यंत्र तुझ्या हाताशी आहे, तर आधी तुझ्या बाबांच्या डोक्याला लाव ना!”

तिने नकार दिला. मी रागावलो. घरच्या माणसाला उपयोग नसेल तर शिक्षण काय कामाचे, असेही बोलून गेलो. ती शांतपणे म्हणाली, “काका, प्रयोग आणि उपचार एक नव्हेत. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी काहींना खरे ठोके मिळतात आणि काहींना लुटुपुटीचे. आवाज होतो, डोक्याला स्पर्शही होतो, पण आत काही पोचत नाही. कुणाला काय मिळाले हे मी लिहिलेली प्रणाली चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवते. ते येणाऱ्यालाही कळत नाही आणि मोजणाऱ्यालाही कळत नाही. कळले तर मन पक्षपात करते आणि मोजमाप खोटे पडते. बाबांसाठी मी तो पडदा उघडला, तर एवढ्या लोकांनी दिलेला वेळ फुकट गेला. आणि नाही उघडला, तर बाबांना कदाचित लुटुपुटीचेच ठोके मिळतील. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे रीतसर उपचारच हवा.”

परीक्षेत स्वतःच्या पुतण्याचा पेपर तपासण्याचे मी एकदा नाकारले होते, ते मला त्या क्षणी आठवले. मी गप्प राहिलो. परंतु माझी खरी चूक याहून मोठी होती, आणि ती तिला ठाऊक नव्हती.

त्या तेरा प्रश्नांतला पहिला प्रश्न असा आहे : आपणांस अपस्मार आहे काय, किंवा पूर्वी कधी झटके आले होते काय? हे प्रश्न तज्ज्ञांनी विचारविनिमय करून २०११ साली प्रसिद्ध केलेले आहेत. पुढे बेशुद्धी, डोक्याला मार, कानाचे विकार, डोक्यातील धातूचा तुकडा, हृदयाचा पेसमेकर, चालू औषधे असे प्रश्न येतात. पण झटक्याचा प्रश्न पहिला, कारण या ठोक्यांनी क्वचित एखाद्याला आकडी येऊ शकते, आणि ज्याला पूर्वी आली आहे त्याला धोका अधिक. ‘अपस्मार’ म्हटले तर आपली माणसे तत्काळ ‘नाही’ म्हणतील. ‘फेफरे’ म्हटले तर रागावतील. ‘फिट’ म्हटले तर कुणाला कळेल, कुणाला नाही. म्हणून मी लिहिले : “लहानपणी किंवा मोठेपणी, तापात किंवा ताप नसताना, एकदा तरी आकडी, फेफरे, फिट किंवा मिरगी आली होती का? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून उत्तर द्या.” पुतणीला ते शेवटचे वाक्य फार आवडले. इंग्रजीत ते नव्हते.

ते वाक्य मी का लिहिले, हे तिला कोठून कळणार! १९७१ च्या पावसाळ्यात माझ्या त्याच बंधूला तीन वेळा आकडी आली होती. तो आठ वर्षांचा, मी बारा वर्षांचा. आईने नाकाशी कांदा धरला, शेजारच्या आजीने वहाण हुंगविली. मी त्याचे पाय धरून बसलो होतो. त्यांचा ताठपणा अजून माझ्या हातांत आहे. वडिलांनी आम्हां सर्वांना समोर बसवून बजावले, ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. घरात लग्नाच्या मुली आहेत. ती गोष्ट बाहेर गेली नाही. बहिणींची लग्ने झाली, भावाचे झाले. त्याच्या पत्नीला सांगितले नाही, मुलीला सांगितले नाही. पुन्हा आकडी आली नाही, आणि आम्ही विसरून गेल्याचे सोंग केले.

आणि हेच सोंग घेऊन मी पुतणीला म्हणालो होतो की यंत्र आधी बाबांच्या डोक्याला लाव! ज्या हाताने पहिला प्रश्न मराठीत उतरविला, त्याच हाताने त्याचे उत्तर झाकून ठेवले.

पुढे बंधूला शहरातील एका रुग्णालयात नेले. तेथील तज्ज्ञांच्या मनात चुंबकीय उपचाराचा विचार होता. छापील कागद भरायला दिला. पहिल्या प्रश्नापुढे माझ्या बंधूने ‘नाही’ अशी खूण केली. मी शेजारीच बसलो होतो. कागद परिचारिकेच्या हाती जाण्यापूर्वी मी तो परत मागून घेतला आणि त्याला बाहेर नेले. तो म्हणाला, “दादा, पन्नासांवर वर्षे झाली. आता कशाला?” मी म्हणालो, “वर्षे आपण मोजली, मेंदूने मोजली की नाही कोण जाणे. डॉक्टरांना ठरवू दे.” तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग त्याने आपल्या पत्नीला हाक मारली आणि स्वतःच्या तोंडाने सर्व सांगितले. आम्हांला वाटले होते, आभाळ कोसळेल. ती माउली एवढेच म्हणाली, “एवढेच ना? मला आधी सांगितले असते तर दर तापात तुमच्या उशाशी जागले असते.”

डॉक्टरांनी खूण बदलली. यंत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवून तपासण्या केल्या आणि औषधे बदलली. कारण काही औषधांनीही आकडीचा संभव वाढतो, आणि तेही त्यांना पाहावे लागते. यंत्र कायमचे वर्ज्य आहे असे ते म्हणाले नाहीत; सर्व तोलून पाहू, असे म्हणाले. आज माझा बंधू पूर्ण बरा झाला असे मी सांगणार नाही. पण तो सकाळी उठून पूजेची फुले तोडतो, आणि आज या सभागृहात शेवटच्या रांगेत बसला आहे. हे सर्व सांगण्याची अनुज्ञा त्याने स्वतः मला दिली आहे.

पुतणीला कळले तेव्हा ती मला दोष देईल असे वाटले होते. ती म्हणाली, “काका, माझी प्रणाली ठोक्याचा जोर तपासते, वेळ तपासते, जागा तपासते. पण माणसाने दिलेले उत्तर खरे आहे का, हे तपासणारी ओळ मला लिहिता येत नाही.” बंधुभगिनींनो, एवढे एकच वाक्य आपण घरी न्यावे, म्हणजे माझे भाषण सार्थकी लागले असे मी समजेन.

आता शिक्षकाच्या सवयीने चार सूचना करतो. पहिली : गुप्तता आणि लपवाछपवी यांत अंतर आहे. डॉक्टरांना सांगणे म्हणजे गावाला सांगणे नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. आपल्या वधुवर परिचयपुस्तिकेत कुणाचे दुखणे छापावे असे मी म्हणत नाही. परंतु ज्याच्याशी जन्माची गाठ बांधायची त्याला, आणि ज्याच्या हाती डोके द्यायचे त्याला, सत्य कळलेच पाहिजे.

दुसरी सूचना पालकांना. डोक्याला पट्टा बांधला की मुलाची स्मरणशक्ती वाढते असे सांगून उपकरणे विकणारे लोक आहेत, आणि घरीच बॅटरी जोडून पाहणारेही आहेत. अशा घरगुती प्रयोगांविषयी सावध करणारे खुले पत्र याच क्षेत्रातील अनेक संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. ज्यांनी हे शास्त्र वाढविले तेच जपून राहा म्हणतात, तेथे आपण घाई का करावी? मुलाला वेळेवर झोप द्या. तिला कागद भरावा लागत नाही.

तिसरी सूचना : कोणी आपणांस अशा प्रयोगात सहभागी होण्यास बोलावले तर भिऊन पळू नका, आणि भाबडेपणाने अंगठाही उठवू नका. नैतिक समितीची संमती आहे काय, संमतिपत्र मराठीत आहे काय, मधेच सोडून जाता येते काय, हे विचारा. उपचाराची परीक्षा असेल तर तिची नोंद भारताच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत असावी लागते. ती नोंदवही २००७ पासून आहे आणि कुणालाही पाहता येते. प्रश्न विचारणाऱ्याला जो संशोधक कंटाळतो, त्याच्या खुर्चीत बसू नये.

चौथी सूचना संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना. ज्या साधनांची नावे मी घेतली, त्यांपैकी बहुतेक उघडी आहेत. ती वाचा, चूक सापडली तर कळवा, आणि त्यांतील सूचना, प्रश्नावल्या मराठीत आणा. परदेशच्या विद्वानांनी वेटोळे केले, गणित केले, प्रणाली केली. पण आपल्या आजीला कोणत्या शब्दाने विचारले म्हणजे ती खरे सांगेल, हे कोपनहेगनला कसे कळणार? ते काम आपलेच आहे.

अखेर एवढेच. शाळेत हजेरी घेताना एखादा मुलगा गैरहजर मित्राच्या वतीने ‘हजर’ म्हणून ओरडत असे. हजेरीपट खूण करी, बेरीज बिनचूक येई, आणि तरीही ती हजेरी खोटीच असे. आपल्या घराघरांत अशी काही खोटी हजेरी लागलेली आहे. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांपाशी बसा आणि पहिला प्रश्न विचारा. जे हयात आहेत तोवर विचारा. आमच्या घरी त्या पावसाळ्याचा साक्षीदार मी एकटाच उरलो होतो.